रविवार आला कुठून आणि गेला कुठे?

हातात काम असेल तर असू द्या, रेडिओला फक्त कान लागतात.

रविवारी सकाळी आपल्या समूहाच्या व्हॉट्सॲपवर काय धमाल असते, ते तुम्हाला माहीत आहेच. कुणी परसबागेतल्या दोडक्याचा फोटो टाकतं, कुणी जास्वंदीचा. कुणाला माहेरच्या बोलीतला विनोद आठवतो. एखादी ताई न चुकता 'आजचा दिनविशेष' पाठवते. म्हटलं, सगळ्या दिवसांचा दिनविशेष येतो, तर या रविवारचाच का नको? हा सुट्टीचा रविवार आला कुठून? नि आला तो आपल्या घरात शिरला का दारातनंच परत गेला? आज तेच बघूया.

महाराष्ट्रात कुठंही जा, रविवारचा थाट वेगळा. कोल्हापूरकडे तांबडा-पांढरा रस्सा लागतो. कोकणात बाजारात चांगलं मासं आलं की घर खूश. खानदेशात भरीत आणि कळण्याची भाकरी. वऱ्हाडात झणझणीत रस्सा आणि घाम पुसायला पंचा. बोली बदलते, मसाला बदलतो, पण चुलीपुढं बसलेलं माणूस काही बदलत नाही. सगळी म्हणतात, "आज रविवार आहे, जरा निवांत काहीतरी चमचमीत होऊ दे." निवांत त्यांचं आणि चमचमीत आपलं!

आपल्या आजी-पणजीला सुट्टीचा रविवार ठाऊकच नव्हता. वार मात्र होता. रविवार म्हणजे खंडोबाचा वार, जेजुरीला जायचा दिवस. श्रावणातल्या रविवारी आदित्यराणूबाईचं व्रत. पण 'आज काम बंद' असा त्याचा अर्थ नव्हता. गावाचं कॅलेंडर म्हणजे आठवड्याचा बाजार, पेरणी, सुगी आणि सण. काम थांबायचं ते सणाला.

त्यात सगळ्यात पक्की सुट्टी कुणाची? बैलाची! आपल्याकडे बेंदूर, वऱ्हाडात पोळा. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. आदल्या दिवशी खांदेमळणी, म्हणजे राबलेल्या खांद्याला हळद आणि तूप चोळायचं. मग अंघोळ, शिंगांना रंग, पाठीवर झूल आणि पुरणपोळीचा नैवेद्य. वऱ्हाडातून आपल्या गावात सून म्हणून आलेली एक ताई बैठकीत म्हणाली, "बैलाले पोळा हाय, मले काय हाय?" सगळ्या खो खो हसल्या. हसून झाल्यावर मात्र कुणी काही बोललं नाही.

पण आपल्या जुन्या बायका काही कमी हुशार नव्हत्या. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तव्यावर भाजायचं नाही. विळी नि तवा दोघांना सुट्टी. फेर धरायचा, झोके घ्यायचे, माहेरी जायचं. शीतला सप्तमीला तर चूलच पेटवायची नाही, उलट तिची पूजा करायची. आदल्या दिवशीचं शिळं खायचं. आता आदल्या दिवशी दुप्पट रांधावं लागायचं, तो भाग वेगळा. पण बाईला विसावा हवा असेल तर तो देवाच्या नावावर मिळायचा. तिच्या स्वतःच्या नावावर नाही. हे ध्यानात ठेवा, कारण पुढची गोष्ट स्वतःच्या नावावर विसावा मागणाऱ्यांची आहे.

ही गोष्ट घडली मुंबईत. 1854 मध्ये तिथं पहिली कापड गिरणी स्थापन झाली आणि पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांची रांग लागली. कामाला माणसं गेली ती आपल्याच गावांतली: कोकणातली, साताऱ्याची, पुणे-नगरकडची. गावाकडं काम पावसावर चालायचं, इथं भोंग्यावर. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत यंत्रापुढं उभं राहायचं. सूत कातायला, रिळं भरायला बायका होत्या आणि लहान पोरंही होती. 1881 साली पहिला कारखाना कायदा आला. त्यात पोरांच्या कामाचे तास थोडे कमी झाले, पण मोठ्या माणसांना काही मिळालं नाही. कचेरीतला साहेब रविवारी चर्चमध्ये जायचा. कामगारांच्या वाट्याला एखादा रविवार आलाच, तरी यंत्रं पुसायला, साफ करायला त्यांना बोलवायचे. म्हणजे यंत्र थांबायचं, माणूस नाही.

हे ज्यांना खटकलं ते नारायण मेघाजी लोखंडे. जन्म 1848, ठाण्याचा. शिक्षण बेताचं झालं. रेल्वेत, टपाल खात्यात नोकरी केली आणि मग गिरणीत भांडाराचं काम बघितलं. तिथं कामगारांची दशा त्यांनी रोज जवळून पाहिली. ते महात्मा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. 1880 पासून 'दीनबंधु' हे पत्र त्यांनी मुंबईतून चालवलं. त्यात शेतकऱ्यांची नि कामगारांची दुःखं छापून यायची.

सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तिथं मागण्या ठरल्या. एक: दर रविवारी पूर्ण सुट्टी. दोन: दुपारी अर्धा तास विश्रांती. तीन: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. चार: पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत हातात पडावा. पाच: कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार मिळावा. या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. आपल्याला एका समूहाच्या ठरावावर दहा सह्या घ्यायच्या तर एक माहेरी गेलेली असते नि एक शेतावर. मग साडेपाच हजार सह्या म्हणजे किती चाळी फिरून झाल्या असतील, ते तुम्हीच बघा. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही कामगारांची संघटना लोखंड्यांनी याच वर्षी उभी केली.

अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली, असं झालं नाही. मालक ऐकेनात, सरकार हलेना. एक वर्ष गेलं, दोन गेली, सहा वर्षं गेली. लोखंडे लिहीत राहिले, सभा घेत राहिले. रविवारच का, याचं एक कारण खंडोबाचा वार हेही होतं, असं सांगितलं जातं.

मग 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर मोठी सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार जमले. आणि मैत्रिणींनो, त्या सभेत दोन गिरणी कामगार बायकांनी भाषणं केली. आज मासिक बैठकीत माईक पुढं केला तर आपल्यातल्या निम्म्या जणी पदर तोंडाशी धरून हसतात. त्या दोघी दहा हजारांपुढं उभ्या राहिल्या नि सुट्टी मागितली. त्या काळात लाऊडस्पीकरही नव्हता!

शेवटी 10 जून 1890 ला मुंबईच्या गिरणी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली आणि मधे दीड तासाची विश्रांतीही. तेव्हा तुमच्या दिनविशेषात 10 जून घालायला विसरू नका.

त्याच 1890 साली लोखंड्यांनी मुंबईत नाभिक बांधवांची सभा भरवली. विधवांचे केस आम्ही कापणार नाही, असा ठराव तिथं झाला. बाईचं दुःख हा त्यांना घरातला खासगी प्रश्न वाटला नाही. 1897 च्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता हा माणूस गेला. 2005 मध्ये त्यांच्या नावानं टपाल तिकीट निघालं.

पुढं सुट्टी पसरत गेली. कारखाने झाले, दुकानं झाली, शाळा झाल्या. 2005 च्या रोजगार हमी कायद्यातही लिहिलं गेलं की मजुराचं काम आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त नको. खडी फोडणाऱ्या बाईलाही कागदावर एक दिवस मिळाला. ती घरी आली, उंबरा ओलांडला आणि तिथं मात्र तो कागद चालेना.

2019 साली सरकारनं देशभर पाहणी केली, कोण दिवसाचा किती वेळ कशात घालवतं याची. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी 299 मिनिटं तेव्हा त्यात जात होती. पाच तासांना एक मिनिट कमी! बहुतेक ते एक मिनिट आपण पदरानं घाम पुसतो. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी होती 97 मिनिटं. आणि मुळात हात लावणारे चारात एकच. यात पोरांचं, म्हाताऱ्यांचं करणं धरलेलं नाही, शेतातलं काम तर वेगळंच.

रविवारी हे काम कमी होत नाही, वाढतं. सगळी घरात असतात. गोधड्या, चादरी धुवायला निघतात. मिसरीचे नि लोणच्याचे डबे पुसायचे, दळण आणायचं. 1884 च्या कामगारांना रविवारी यंत्रं पुसायला बोलवायचे, ते आठवतंय ना? मग आपलं काय वेगळं चाललंय?

म्हणून त्या अर्जाकडं पुन्हा बघूया. 'आमच्यावर दया करा' असं त्यात म्हटलं नव्हतं. कुठला दिवस, किती वेळ, किती वाजल्यापासून, हे मोजून मांडलं होतं. मागणी एकट्यादुकट्यानं केली नव्हती. आणि पहिल्यांदा 'नाही' ऐकल्यावर ती सोडून दिली नव्हती.

आपल्या एका समूहानं हेच केलं. दर रविवारी दुपारी दोन ते पाच कुणी कामाला हात लावायचा नाही, असा ठराव त्यांनी इतिवृत्तात लिहिला आणि सगळ्यांनी सह्या, अंगठे केले. चहा ज्याला हवा त्यानं करून घ्यायचा. पहिल्या रविवारी एका घरात चहात साखरेऐवजी मीठ पडलं. तिसऱ्या रविवारी त्याच घरातनं बाहेरच्या पारावर चार कप बरे चहा आले. एक काकू त्या तीन तासांत परसबागेत बाजेवर नुसत्या पडून राहतात. म्हणाल्या, "वालाला फूल येतं त्याचा रंग जांभळा असतो, हे मी या घरात बावीस वर्षं नांदून आत्ता बघितलं." त्यांनी काढलेला तो फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलाच असेल.

पुढच्या बैठकीत बचत, हप्ते, कर्जमागणी झाली की विषयपत्रिकेत एक विषय वाढवा: रविवारचे तीन तास. चर्चा करा, वेळ ठरवा, सह्या घ्या. घरात कुणी विचारलं, हे काय नवीन, तर सांगा, नवीन नाही, 1884 ची मागणी आहे, आमच्यापर्यंत पोचायची राहिली होती.

भेटू पुढच्या भागात. येते हं. नमस्कार.