असत्याने असत्याचा प्रतिकार : ऑगस्टीनचा निर्णय

इ. स. ३८५ च्या सुमारास प्रिसिलियन यास ट्रियर येथे देहदंड झाला, तरी स्पेनमधील त्याचा पंथ गुप्तपणे टिकून राहिला. मते लपविण्यासाठी असत्य बोलणे हा पंथ क्षम्य मानतो, असा आरोप होता. तेव्हा या पंथीयांस उघडकीस आणण्यासाठी चर्चनिष्ठांनीही त्यांच्या पंथाचे सोंग घ्यावे, असा विचार कॉन्सेन्शियसने मांडला. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने इ. स. ४२० च्या सुमारास 'असत्याविरुद्ध' या लॅटिन ग्रंथात तो निषिद्ध ठरविला. सोंगाने पाखंडी सापडेलही. परंतु फसविणाऱ्याने पुढे सत्य सांगितल्यास त्यावर तो विश्वास का ठेवील? शिवाय श्रद्धा लपविणे निर्दोष मानले, तर हुतात्म्यांचे मरण व्यर्थ ठरते. धर्मरक्षणार्थ केलेली फसवणूक प्रथम धर्मोपदेशकाचीच विश्वसनीयता नष्ट करते, असा या युक्तिवादाचा निष्कर्ष आहे.