बालहृदयाची शस्त्रक्रिया : यशापयशाचा हिशेब



जन्माला येणाऱ्या दर हजार बालकांपैकी आठ-नऊ बालकांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. शंभर वर्षांपूर्वी अशा मुलाला तपासून वैद्य फार तर रोगाचे नाव सांगू शके. उपाय सांगणे त्याच्या हाती नव्हते. आज इंग्लंडात हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या शंभर मुलांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव मुले महिन्याअखेर हयात असतात. या दोन अवस्थांमधला इतिहास सामान्यतः धाडसी शस्त्रवैद्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. पण त्याला दुसरी एक बाजू आहे व आज मला मुख्यतः तिच्याविषयीच बोलावयाचे आहे. ती बाजू हिशेबाची. किती मुलांवर शस्त्रक्रिया केली, किती घरी परतली आणि जी परतली नाहीत ती का परतली नाहीत, हे ज्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेविले, त्यांनी पुढच्या मुलांचे प्राण वाचविले. ज्यांच्याकडून हे झाले नाही, त्यांच्या हातून हेतू वाईट नसतानाही अनर्थ घडला.

या शास्त्राचा आरंभच मुळी मृतांच्या नोंदीतून झाला. कॅनडातील माँट्रियल शहरी मॉड ॲबट या विदुषीने जन्मजात हृदयदोषांच्या एक हजार रुग्णांची माहिती गोळा करून १९३६ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तोवर वैद्यांना हे दोष म्हणजे निसर्गाचे विक्षिप्त चमत्कार वाटत असत. एक हजार प्रकरणे शेजारी शेजारी मांडल्यावर त्यांत जाती-पोटजाती आहेत, त्यांची लक्षणे ठरलेली आहेत, हे दिसू लागले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयातील डॉक्टर हेलन टॉसिग यांनी हेच काम जिवंत मुलांच्या बाबतीत केले. ऐकू कमी येत असल्यामुळे त्या बोटांच्या स्पर्शाने हृदयाची कंपने ओळखीत. ओठ-नखे निळी पडणाऱ्या मुलांची नोंद ठेवता ठेवता त्यांच्या ध्यानात आले, की गर्भावस्थेतील एक रक्तवाहिनी जोवर उघडी राहते तोवर यांतील काही मुले बरी असतात आणि ती मिटली की खालावतात. मग तशी वाहिनी कृत्रिम रीतीने का करू नये? शस्त्रवैद्य आल्फ्रेड ब्लेलॉक आणि त्यांचे साहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांनी ती कल्पना प्रत्यक्षात आणली. थॉमस हे कृष्णवर्णीय, मूळचे सुतारकाम करणारे. वैद्यकाची पदवी त्यांना कधी मिळाली नाही. पण कुत्र्यांवर प्रयोग करून ही शस्त्रक्रिया त्यांनीच बसविली होती. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी सव्वा वर्षाच्या मुलीवर ती प्रथम झाली, तेव्हा ब्लेलॉक यांच्या मागे उभे राहून थॉमस त्यांना एकेक टाका सांगत होते. ती मुलगी पुढे काही महिन्यांनी दगावली. परंतु मार्ग सापडला होता.

मात्र ही शस्त्रक्रिया हृदयाच्या बाहेरची. हृदय उघडावयाचे तर तेवढा वेळ शरीराचे रक्ताभिसरण कोणी सांभाळावे? मिनेसोटा विद्यापीठात वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ साली एक विलक्षण तोड काढली. मुलाच्या शेजारी बहुधा त्याच्या आईला किंवा वडिलांना निजवावयाचे, दोघांच्या रक्तवाहिन्या नळीने जोडावयाच्या आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत एकाच हृदयावर दोघांना जगवावयाचे! पहिले मूल अकराव्या दिवशी गेले. तरी काम थांबले नाही. १९५५ च्या मध्यापर्यंत अशा पंचेचाळीस शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतून अठ्ठावीस रुग्ण घरी गेले. येथेच थांबून विजयाची द्वाही फिरविता आली असती. लिलेहाय थांबले नाहीत. तीस वर्षांनी त्यांनी त्याच पंचेचाळीस जणांचा पुन्हा शोध घेतला आणि त्यांपैकी बावीस हयात असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच राज्यातील मेयो रुग्णालयात जॉन कर्कलिन यांनी १९५५ मध्ये यंत्राच्या साहाय्याने हृदये उघडण्यास आरंभ केला. त्यांच्या पहिल्या आठ रुग्णांपैकी चार दगावले, आणि तो आकडाही त्यांनी जगापुढे ठेविला.

आता याच हिशेबाची कसोटी पाहणारा प्रसंग सांगतो. काही बालकांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रोहिण्यांची जागा जन्मतःच उलटी असते. त्यामुळे शुद्ध रक्त फुप्फुसातच फिरत राहते आणि अशुद्ध रक्त शरीरात. उपचार न झाल्यास दहांपैकी नऊ मुले पहिला वाढदिवस पाहत नाहीत. ब्राझीलमध्ये आदिब जतेने यांनी १९७५ साली या रोहिण्या कापून त्यांची अदलाबदल करण्यात यश मिळविले. बालकाच्या हृदयाला रक्त पुरविणाऱ्या अगदी बारीक वाहिन्या येथे उपटून दुसरीकडे लावाव्या लागतात. किंचित पीळ पडला की संपले. १९८० नंतरच्या दशकात ही शस्त्रक्रिया इंग्लंडात रुजू लागली, आणि दोन शहरांत तिचे दोन निरनिराळे इतिहास घडले.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात मार्क द लेव्हाल हे शस्त्रवैद्य होते. त्यांच्या पहिल्या बावन्न नवजात रुग्णांपैकी एकच दगावला. नंतर एकाएकी दशा फिरली. पुढील सोळांपैकी सात गेले. दैव म्हणून हात झटकणे सोपे होते. त्यांनी स्वतःच्या आकड्यांना कारखान्यातील मालाची पारख करणाऱ्यांचे गणित लावून पाहिले, हा निव्वळ योगायोग नव्हे अशी खात्री करून घेतली, आणि नामांकित असूनही ज्याचे रुग्ण अधिक वाचत अशा दुसऱ्या शस्त्रवैद्याकडे ते शिकावयास गेले. परतल्यावर मृत्यू थांबले. १९९४ मध्ये ही सर्व हकीकत त्यांनी स्वतःच छापून प्रसिद्ध केली.

ब्रिस्टॉलमध्ये मात्र असे घडले नाही. तेथे स्टीफन बोल्सिन नावाचे भूल देणारे डॉक्टर १९८८ मध्ये रुजू झाले. शस्त्रक्रिया लांबतात, मुले अधिक दगावतात, असे दिसल्यावर त्यांनी आकडे जमविले व वरिष्ठांना सांगितले. ऐकणारे पुष्कळ होते; पण ही जबाबदारी आपली असे म्हणणारा कोणी नव्हता. जानेवारी १९९५ मध्ये दीड वर्षाच्या एका मुलावर हीच शस्त्रक्रिया ठरली. आदल्या संध्याकाळी डॉक्टरांची बैठक झाली, बोल्सिन यांनी विरोध केला, तरी शस्त्रक्रिया झाली आणि मूल गेले. पुढे इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी होऊन २००१ साली अहवाल बाहेर आला. १९९१ ते १९९५ या काळात तेथे एक वर्षाखालील तीस ते पस्तीस मुले अपेक्षेपेक्षा अधिक दगावली, असा त्याचा निष्कर्ष होता. ही माणसे दुष्ट नव्हती, हेही अहवालाने स्पष्ट केले. मुलांचे हृद्रोगतज्ज्ञ एका इमारतीत व शस्त्रक्रिया दुसरीकडे, अशी तेथील व्यवस्था होती. आकडे होते, त्यांच्याकडे रोखून पाहण्याची कोणाची तयारी नव्हती. यानंतर इंग्लंडात प्रत्येक केंद्राचे निकाल लोकांपुढे मांडण्याची पद्धत रूढ झाली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो पोकळ नाही. आकडे चव्हाट्यावर मांडले तर डॉक्टर अवघड रुग्ण नाकारतील. आणि ज्या मुलाला सर्वांत अधिक गरज, त्यालाच दार बंद होईल. म्हणूनच नुसती शेकडेवारी फसवी ठरते. अमेरिकेतील बॉस्टन येथे २००२ मध्ये शस्त्रक्रियांची अवघडपणानुसार सहा गटांत विभागणी करणारी एक पद्धत तयार झाली. सोप्या शंभर शस्त्रक्रियांशी अवघड शंभरांची तुलना न करता समान ओझे उचलणाऱ्यांची तुलना करावयाची, हे तिचे तत्त्व. वाईट हिशेबावर उपाय अधिक चांगला हिशेब हाच आहे. वही मिटून ठेवणे हा नव्हे.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. अंगणवाडीतील व शाळेतील मुलांना तपासून हृदयदोष लवकर हुडकावा, हा त्याच्या अनेक हेतूंपैकी एक. हुडकणे ही पहिली पायरी होय. शस्त्रक्रियेनंतर वर्षाने, दहा वर्षांनी ते मूल कसे आहे, ही नोंद लिलेहायप्रमाणे ठेविली तरच पुढची पायरी दिसेल.

या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणावर उद्या आपल्या नातवंडाला घेऊन अशा डॉक्टरांसमोर बसण्याची वेळ येऊ नये, अशी माझी इच्छा आहे. पण आलीच, तर संकोच न करता विचारावे : डॉक्टरसाहेब, हीच शस्त्रक्रिया आपण किती मुलांवर केली, आणि त्यांतील किती मुले घरी गेली? या प्रश्नात अविश्वास नाही. चांगला वैद्य स्वतःला तो रोजच विचारीत असतो. आपणही विचारला तर त्याला राग येण्याचे कारण नाही.