धूर, निखारा आणि मंद आंच

मांसाच्या पाककलेचा इतिहास सांगूं लागलें म्हणजे सामान्यतः राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांपासून आरंभ होतो. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, मांस भाजण्याचे व शिजविण्याचे कितीतरी प्रकार वर्णिलेले आहेत, आणि मोगल बादशहांच्या मुदपाकखान्याच्या कथा तर सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु ज्या घरीं मुदपाकखाना नव्हता, एकच चूल होती, आणि त्या चुलीपाशीं बसणारी गृहिणीहि एकटीच होती, तेथें काय घडत होतें? तिच्यापुढें दोन प्रश्न नेहमींच उभे असत. आज आलेलें मांस आज संपणार नाहीं, तें टिकवावें कसें, हा पहिला. आणि पदरांत पडलेलें स्वस्त, चिवट मांस, दिवसभराचीं इतर कामें न थांबवितां व सरपण न उधळतां मऊ करावें कसें, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर धुरानें दिलें. दुसऱ्याचें मंद आंचेनें दिलें. ह्या दोन उत्तरांचा इतिहास राजांच्या मेजवान्यांइतका भपकेबाज नसला, तरी त्याहून अधिक उपयोगाचा आहे.

धुराचा उपयोग मनुष्याला फार प्राचीन काळींच कळला असला पाहिजे. चुलीवर टांगलेलें मांस लवकर नासत नाहीं, हें पाहण्यास डोळ्यांवांचून दुसरें साधन लागत नाहीं. त्याचें कारण मात्र रसायनशास्त्रानें पुढें सांगितलें. लांकूड पूर्ण पेट न घेतां धुमसत राहिलें म्हणजे त्याच्या धुरांत फिनॉल वर्गांतील द्रव्यें, फॉर्माल्डिहाइड आणि कांहीं आम्लें असतात. हीं मांसाच्या पृष्ठभागावर बसून सूक्ष्म जंतूंची वाढ रोखतात व चरबीला खवट वास येऊं देत नाहींत. शिवाय उबेनें मांसाचा वरचा थर वाळतो, आणि ओलावा नाहीं तेथें जंतूंचें फारसें चालत नाहीं. परंतु एकटा धूर पुरा पडत नाहीं. त्याच्या जोडीला मीठ लागतें. रोमन मुत्सद्दी केटो ह्यानें इ. स. पूर्व दुसऱ्या शतकांत शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या अखेरीस डुकराच्या मांड्या खारविण्याची कृति दिली आहे. मांड्या रांजणांत मिठाच्या थरांमध्यें ठेवाव्या, मध्यंतरीं वरच्या खालीं व खालच्या वर कराव्या, सुमारें बारा दिवसांनीं काढून वाऱ्यावर टांगाव्या, तेल चोळून दोन दिवस धुरांत ठेवाव्या आणि शेवटीं तेल व शिरका लावून कोठींत टांगून ठेवाव्या, असा तिचा क्रम आहे. दोन हजारांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी ह्या क्रमांत मूलतः फारसा बदल झालेला नाहीं.

धूर कोठें रुजला आणि कोठें रुजला नाहीं, हें हवामानानें ठरविलें. कोंकणच्या किनाऱ्यावर ऊन भरपूर. म्हणून तेथें बोंबील बांबूंच्या मांडवावर वाळले, सोडे आणि सुकट उन्हांतच तयार झालीं. उलट उत्तर युरोपांतील ओल्या थंडींत, किंवा नागा टेंकड्यांवरील दमट हवेंत, उन्हाचा भरंवसा धरतां येत नव्हता. तेथें डुकराचें मांस चुलीवरच्या धुरांत टांगलें गेलें. गोमंतकांत ह्या दोन्ही रीतींचा मिलाफ दिसतो. पोर्तुगीजांनीं इ. स. १५१० मध्यें गोवें घेतल्यानंतर त्यांच्याबरोबर मसाला भरलेल्या आंतड्यांची, म्हणजे शोरिसांवांची, रीत आली. ह्या भूमीनें ती आपल्या हवेप्रमाणें बदलून घेतली. मिठाच्या जोडीला माडाच्या सुरेचा शिरका आला, आणि अमेरिकेंतून पोर्तुगीजांच्याच गलबतांनीं आलेली लाल मिरची आली. मांसाचे तुकडे ह्या मसाल्यांत मुरवून आंतड्यांत भरावयाचे, दोऱ्यानें मण्यांसारखे बांधावयाचे, आणि कडक उन्हांत किंवा चुलीवरील धुरांत वाळवावयाचे, ही ती कृति. पावसाळ्यांत मासेमारी थांबली व बाजार ओस पडला म्हणजे ह्याच माळांतील चार मण्यांवर कांदा व बटाटा घालून घरची वेळ निभावून जाई. रुचीच्या आधीं गरज, असा ह्या पदार्थाच्या जन्माचा क्रम आहे.

तथापि धुरावर आंधळा विश्वास ठेवणें घातक आहे, हाहि धडा इतिहासानेंच शिकविला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील व्युर्टेंबर्ग संस्थानांत सॉसेज खाऊन लोक अर्धांगवायूसारख्या विकारानें दगावत. युस्टिनुस केर्नर नांवाच्या वैद्यानें, जो कवि म्हणूनहि प्रसिद्ध होता, ह्या विषबाधेचें बारकाईनें वर्णन केलें. पुढें डिसेंबर १८९५ मध्यें बेल्जममधील एलझेल गांवीं एका अंत्यविधीच्या प्रसंगीं वादकांच्या मंडळीनें खारवलेली डुकराची मांडी खाल्ली. पुष्कळ आजारी पडले व तिघे मृत्यु पावले. त्या मांसांतून एमिल व्हान एर्मेन्गेम ह्या शास्त्रज्ञानें जो जंतु शोधून काढला, त्यालाच आज क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम म्हणतात. आणि ‘बोट्युलस’ ह्या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळीं सॉसेज असा आहे. हवा न पोंचणाऱ्या जागींच हा जंतु वाढतो. म्हणजे धूर जेथें पोंचत नाहीं, त्या मांसाच्या गाभ्यांतच त्याचें घर. मीठ आंतपर्यंत न मुरवितां केवळ वरून धूर देणें म्हणजे दाराला कुलूप लावून चोर घरांत कोंडून ठेवणें होय.

आतां दुसरा प्रश्न. मांस चिवट कां असतें? जे स्नायु प्राण्यानें आयुष्यभर वापरले, म्हणजे पाय, मान व खांदा येथले, त्यांत कोलाजन नांवाचें संयोजक द्रव्य अधिक असतें. तें साधारण ६० ते ६५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास आकसतें आणि मांस उलट अधिक चामट होतें. घाईची गृहिणी येथेंच फसते. परंतु त्यापुढील उष्णतेंत, ओलाव्याच्या सोबतीनें, कित्येक तास धीर धरला, तर हेंच कोलाजन हळूहळू विरघळून त्याचें जिलेटिन होतें; मांस मऊ होतें आणि रस्सा दाट व तुकतुकीत होतो. मोठ्या जाळानें हें काम लवकर होईलसें वाटतें, पण त्यानें स्नायूंतील पाणी मात्र पिळून निघतें. म्हणून ह्या कामाला जाळापेक्षां वेळच अधिक लागतो.

हें शास्त्र ठाऊक नसतांहि ही युक्ति सर्वत्र सांपडली. हंडीचें तोंड कणकेनें बंद करून, खालीं मंद निखारे व झांकणावर निखारे ठेवून दम देण्याची रीत आपल्याकडे सुप्रसिद्ध आहे. ती लखनौच्या नबाब असफउद्दौल्यानें इ. स. १७८४ च्या दुष्काळांत मोठा इमामबाडा बांधतांना, मजुरांसाठीं रात्रंदिवस ठेवलेल्या हंड्यांतून जन्मास आली, अशी एक आवडती आख्यायिका सांगण्यांत येते. आख्यायिका गोड असली तरी कालक्रम तिला अनुकूल नाहीं. अबुल फजलाच्या ‘ऐन-इ-अकबरी’ ग्रंथांत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, ‘दमपुख्त’ हा मांसाचा पदार्थ प्रमाणांसह नोंदलेला आहे. सुमारें दोनशें वर्षें आधीं बादशाही पाकशाळेंत जो पदार्थ नांवारूपाला आला होता, त्याचा शोध नबाबाच्या पदरीं घालतां येणार नाहीं.

ह्याच युक्तीला धर्मनियमानें दुसरीकडे वेगळें वळण दिलें. यहुदी लोकांत शब्बाथच्या दिवशीं, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, अग्नि पेटविणें व स्वयंपाक करणें निषिद्ध आहे. मग शनिवारीं दुपारीं ऊन अन्न मिळावें कसें? शुक्रवारीं सूर्यास्तापूर्वींच मांस, कडधान्य व धान्य भांड्यांत घालून तें मंद भट्टींत ठेवावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं उघडावयाचें. पूर्व युरोपांतील यहुद्यांच्या ह्या पदार्थाला चोलंट म्हणतात. इराकमधील यहुद्यांत कोंबडी व तांदूळ ह्यांच्या अशाच पदार्थाला तबीत म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकांत बगदादहून मुंबईस आलेल्या यहुदी कुटुंबांबरोबर ही रीत ह्या शहरांतहि आली. शनिवार पाळण्याची गोष्ट कोंकणाला त्याच्या पुष्कळ आधींपासून परिचित होती. तेलाचा घाणा चालविणारे, मराठी बोलणारे बेने इस्रायल शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून कुलाब्याच्या गांवोगांवीं त्यांना ‘शनिवार तेली’ हें नांव पडलें होतें.

वेळेच्या ह्या राज्याविरुद्ध एक बंडहि झालें. डेनिस पापीन ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें इ. स. १६७९ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें आपलें ‘डायजेस्टर’ ठेवलें. घट्ट बंद भांड्यांत वाफ कोंडून उष्णमान वाढवावयाचें व वाफ अति झाली तर ती सोडून देण्यास झडप ठेवावयाची, ही त्याची कल्पना. त्यांत शिजविलेलें भोजन जॉन इव्हलिन ह्यानें एप्रिल १६८२ मध्यें केलें, आणि थोडक्या कोळशांत हाडेंसुद्धां मऊ झाल्याचें आपल्या रोजनिशींत कौतुकानें नोंदविलें. आजचा प्रेशर कुकर हा त्याच भांड्याचा वंशज. भारतांत तो १९५९ पासून घरोघरीं शिरूं लागला. पण ह्या मार्गांत वेळ वांचला तरी राखण सुटली नाहीं. शिट्या मोजण्यास कोणीतरी जवळ असावें लागलें.

राखणीवांचून शिजविण्याचें तत्त्व शास्त्राच्या नजरेस आलें तें एका विलक्षण अपघातानें. काउंट रम्फर्ड ह्या पदवीनें प्रसिद्ध असलेला बेंजामिन टॉम्सन हा अमेरिकेंत जन्मून बव्हेरियाच्या सेवेंत चढलेला पदार्थविज्ञानवेत्ता. गरिबांचें अन्न व चुलींतील सरपणाचा अपव्यय हे त्याच्या अभ्यासाचे विषय. बटाटे वाळविण्याच्या एका यंत्रांत मेंढ्याचा खांदा भाजतां येतो काय, हें त्यानें एकदां पाहिलें. तीन तास झाले तरी शिजण्याचें चिन्ह दिसेना, तेव्हां उष्णता पुरेशी नाहीं असें ठरवून त्यानें नाद सोडला व तें मांस स्वयंपाकाच्या दासींच्या हवालीं केलें. रात्र बरीच झाली होती. त्यांनीं तें त्याच यंत्रांत राहूं दिलें. सकाळीं पाहतात तों मांस पूर्ण शिजलेलें, रसाळ आणि असाधारण रुचकर! पुढें १९६९ मध्यें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें, जी संस्था रम्फर्डच्याच प्रयत्नानें १७९९ मध्यें स्थापन झाली, तेथें निकोलस कुर्टी ह्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें हा प्रयोग पुन्हां करून दाखविला. ८० अंशांवर साडेआठ तास ठेवलेल्या मांसाच्या आंत व बाहेर जवळजवळ सारखेंच उष्णमान आढळलें. शोधाचें श्रेय रम्फर्डकडे गेलें. ज्या दासींनीं मांस रात्रभर राहूं दिलें, त्यांचीं नांवें मात्र त्यानें दिलीं नाहींत.

त्यानंतर यंत्रें एकामागून एक आलीं. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत योहान सोरेन्सेन ह्यानें ‘नॉर्वेजियन’ स्वयंपाकाची पेटी मांडली. उकळतें भांडें उष्णता जाऊं न देणाऱ्या अस्तराच्या पेटींत बंद करावयाचें, आणि उरलेलें काम सांठलेल्या उष्णतेनेंच व्हावयाचें, अशी ती योजना. दोन्ही महायुद्धांत, इंधनाच्या टंचाईच्या दिवसांत, इंग्लंडमधील गृहिणींनीं गवत भरलेल्या अशाच पेट्या वापरल्या. आपल्याकडे कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक ह्यांनीं १९१० मध्यें ‘इकमिक’ कुकर तयार केला. खालीं कोळशाची लहान शेगडी आणि वर एकावर एक डबे. भात, डाळ व मांस वाफेवर एकाच वेळीं शिजे.

ह्या परंपरेंतील विजेचें भांडें शिकागोच्या अर्विंग नॅक्सन ह्यानें केलें. लिथुएनियांतून आलेल्या त्याच्या यहुदी घराण्यांत वडीलधाऱ्या स्त्रिया चोलंटची आठवण सांगत. व्हिल्ना शहरांत शुक्रवारीं भांडें भटारखान्यांत पोंचवावयाचें, आणि भट्टीच्या उरलेल्या उष्णतेंत तें रात्रभर शिजावयाचें, ही ती आठवण. भांड्याच्या भोंवतीं विजेच्या तारेचें वेटोळें घेऊन तीच भट्टी घरांत आणावी, ह्या कल्पनेचें पेटंट त्याला १९४० मध्यें मिळालें. तीस वर्षांनीं, १९७० मध्यें, रायव्हल कंपनीनें त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्यें ‘क्रॉक-पॉट’ बाजारांत आणला. अमेरिकेंत स्त्रिया मोठ्या संख्येनें नोकरीसाठीं बाहेर पडूं लागल्या होत्या. सकाळीं मांस घालून बाहेर जावें व संध्याकाळीं जेवण तयार मिळावें, ही सोय त्यांना तत्काळ पटली. शब्बाथसाठीं निघालेली युक्ति आतां कामाच्या दिवसासाठीं उपयोगीं पडली.

परंतु ह्या सोयीलाहि एक अट आहे, आणि ती धुराच्या अटीहून निराळी नाहीं. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतु झपाट्यानें वाढतात. म्हणून मंद आंचेच्या भांड्यांत बर्फासारखें गोठलेलें मांस तसेंच घालूं नये, कारण तें ह्या पट्ट्यांत फार वेळ रेंगाळतें; भांडें गच्च भरूं नये; आणि झांकण पुन्हां पुन्हां उघडून उष्णता घालवूं नये. राजम्यासारखें कडधान्य मांसाबरोबर घालावयाचें असेल, तर तें आधीं भिजवून निदान दहा मिनिटें खळखळून उकळून घ्यावें, कारण त्यांतील विषारी द्रव्य मंद आंचेनें नाहींसें होत नाहीं.

धूर असो वा निखारा, गवताची पेटी असो वा विजेचें भांडें, ह्या सर्व साधनांनीं शेवटीं एकच गोष्ट साधली. चुलीपाशीं बसून राहणाऱ्या माणसाचे तास त्यांनीं थोडेथोडे सोडविले. यंत्रांवर शोधकांचीं नांवें कोरलीं गेलीं तें योग्यच झालें. पण शुक्रवारीं भट्टींत भांडें ठेवणारी आजी, पावसाळ्यापूर्वीं माळा ओंवणारी गोमंतकीय गृहिणी आणि मांस सकाळपर्यंत राहूं देणाऱ्या त्या दासी, ह्यांचा वांटा त्या नांवांच्या आधींचा आहे.