गोबर गॅस आणि मिथेन : सिंधुदुर्गातील एका प्रयोजनांतराचा इतिहास

दुभत्या जनावरांच्या पालनातून वातावरणात जाणारा मिथेन वायू कमी करण्याच्या उपायांत गोबर गॅस संयंत्राची गणना आज सर्रास केली जाते. परंतु ज्यांनी हे संयंत्र भारतीय खेड्यात आणले त्यांच्या मनात हा हेतू नव्हता. साधन तेच राहून त्याचे प्रयोजन बदलत गेले, आणि प्रत्येक बदलाची खूण त्याच्या नावात उमटली. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात हा बदल तपासून पाहिला असता नव्या प्रयोजनाची मर्यादाही लक्षात येते.

प्रथम नावाचा विचार करणे इष्ट होय. मराठीत रूढ शब्द ‘शेण’. ‘गोबर’ हे हिंदी रूप. त्याचा सगोत्र शब्द मराठीत ‘गोवरी’मध्ये वकारासह टिकून आहे. तरीही कोकणातल्या शेतकऱ्याने ‘शेणाचा गॅस’ असे नाव न घेता ‘गोबर गॅस’ हेच नाव घेतले. ही वस्तू गावाच्या गरजेतून उपजली नसून अखिल भारतीय योजनेच्या भाषेतून आली, याचा तो पुरावा होय. पुढे ‘बायोगॅस’ व ‘जैववायू’ ही नावे आली. त्यांत शेणाचे स्थान गौण होऊन वायू प्रधान झाला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ‘गोबरधन’ हे नाव योजिले, तेव्हा शेण पुन्हा पुढे आले, पण आता धन म्हणून.

या वायूची ओळख जुनी आहे. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा याने १७७६ मध्ये दलदलीतून निघणारा ज्वालाग्राही वायू गोळा करून तपासला. भारतातील पहिला प्रयोग मुंबईच्या माटुंगा येथील कुष्ठरुग्णालयात झाला असे मानतात. त्याचे वर्ष अनेक पुस्तिकांत १८५९ असे छापलेले आढळते. मात्र ॲकवर्थ यांच्या नावाने ओळखले जाणारे हे रुग्णालय १८९० मध्ये स्थापन झाले. म्हणून मैल्यापासून वायू मिळविण्याच्या त्या प्रयोगासाठी १८९७ हे वर्षच ग्राह्य धरणे युक्त ठरते. शेणाचा पद्धतशीर विचार त्यानंतर दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत झाला. १९५० च्या दशकात जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र सिद्ध केले, आणि पुढील दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार हाती घेतला. ‘ग्रामलक्ष्मी’ या नावात इंधन आणि खत या दोहोंची समृद्धी अभिप्रेत होती. हवामानाचा त्यात संबंध नव्हता.

दक्षिण कोकणात या विचाराला अनुकूल भूमी आधीच तयार झाली होती. अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ वागदे येथे गोपुरी आश्रम स्थापन केला. मैला, मृत जनावरे आणि कातडे यांविषयीची घृणा दूर करून त्यांचे खतात व उपयुक्त वस्तूंत रूपांतर करावे, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. त्यांच्या ‘सोनखत’ या शब्दातच टाकाऊला मोल देण्याची ही दृष्टी व्यक्त होते. अस्पृश्यतानिवारण आणि स्वच्छता ही येथील प्रेरणा होती.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, आणि राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्पही १९८१-८२ मध्येच सुरू झाला. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाचा प्रश्न तीव्र झाला होता. सरपण वाचविणे हे आता मुख्य प्रयोजन ठरले. मालवण किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडी टाकी गंजते. त्यामुळे १९८४ मध्ये पुढे आलेला विटांच्या घुमटाचा ‘दीनबंधू’ नमुना येथे अधिक सोयीचा ठरला. कोकणातील उष्ण हवामान वायुनिर्मितीस पोषक आहे. कुडाळ तालुक्यातील झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने डॉ. प्रसाद देवधर यांच्या नेतृत्वाखाली घरगुती संयंत्रांचा प्रसार केला, तोही प्रामुख्याने स्त्रियांची धुरापासून सुटका आणि शेतीस खत या भूमिकेतून.

मिथेनचा प्रश्न या साऱ्यानंतर आला. १९९७ च्या क्योटो कराराने नियंत्रित करावयाच्या वायूंत मिथेनची गणना केली. शंभर वर्षांच्या हिशेबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता धरतो. शेणाचा वायू जाळला की त्यातील मिथेन नष्ट होतो, म्हणून संयंत्र हे मिथेन कमी करण्याचे साधन होय, असा युक्तिवाद मांडला जाऊ लागला. तो अर्धाच खरा आहे.

कोकणच्या जुन्या रीतीत शेण गोठ्याजवळच्या गायरीत पडे, त्याच्या गोवऱ्या होत, किंवा भाताच्या तरव्यासाठी राब भाजताना ते जाळले जाई. कोरड्या, हवा लागणाऱ्या शेणापासून मिथेन थोडाच निघतो. पावसाळ्यात पाणी साचलेल्या खड्ड्यातून तो अधिक निघतो. आंतरशासकीय हवामान समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातील एका दुभत्या गाईच्या शेणापासून वर्षाला ५ ते ६ किलो मिथेन धरला आहे. म्हणजे पाच गाईंचा २५ ते ३० किलो. उलट, याच पाच गाईंच्या रोजच्या सुमारे ५० किलो शेणावर चालणारे दोन घनमीटरचे संयंत्र, वायूत ५५ टक्के मिथेन धरल्यास, वर्षाला सुमारे २६० किलो मिथेन निर्माण करते. संयंत्र मिथेन वाचवीत नाही. ते तो मुद्दाम तयार करते आणि जाळण्यासाठी हाती देते. त्यातील दहावा हिस्सा घुमटाच्या तड्यातून, सैल नळीतून किंवा न वापरल्यामुळे निर्गमद्वारातून निसटला, तर सरपणाची बचत वगळता मिथेनचा सारा लाभ संपतो. नादुरुस्त स्थितीत शेण घेत राहिलेले संयंत्र गायरीहून अपायकारक ठरू शकते.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. त्याच मार्गदर्शिकेनुसार गाईच्या पोटातील किण्वनातून, मुख्यतः ढेकरांवाटे, वर्षाला ५८ किलो मिथेन बाहेर पडतो. म्हणजे शेणाच्या सुमारे दसपट. कोकणातील लहान चणीच्या गाईंबाबत दोन्ही आकडे कमी असतील, परंतु प्रमाण फारसे बदलणार नाही. गोठ्यातील मिथेनचा मोठा भाग संयंत्रापर्यंत पोहोचतच नाही. त्यावरील उपाय संतुलित आहारात आणि पशुखाद्याच्या पूरकांत शोधावे लागतात. बंगळूर येथील राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने विकसित केलेले ‘हरित धारा’ हे पूरक मिथेन १७ ते २० टक्के घटविते, असा त्या संस्थेचा निष्कर्ष आहे.

यावरून संयंत्राचे महत्त्व कमी होत नाही. धूर, सरपण आणि खत या जुन्या प्रयोजनांवर ते आजही खरे उतरते. मात्र मिथेनचे श्रेय त्यास द्यावयाचे असेल, तर बांधलेल्या संयंत्रांची संख्या हा पुरावा अपुरा आहे. दरवर्षी किती संयंत्रे चालू, निर्गळ आणि पुरेपूर वापरात आहेत, याची नोंद हवी. गवंड्याची दुरुस्ती आणि गृहिणीचा रोजचा वापर यांवाचून हे नवे प्रयोजन केवळ नावापुरतेच राहील.