भाड्याची बेवारस मोटार : कायदेशीर मालकीचे मार्ग

गृहसंकुलाचे आवार, रेल्वे स्थानकाचा परिसर किंवा एखादे गॅरेज अशा ठिकाणी महिनोन्महिने धूळ खात उभी असलेली मोटार अनेकदा भाड्याची निघते. ग्राहक ती सोडून निघून गेलेला असतो आणि भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकाचा ठावठिकाणा लागत नाही. अशी मोटार ज्याच्या जागेत उभी आहे त्याला ती आपल्या नावावर करून घेता येते का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. भारतीय कायद्यानुसार केवळ ताब्यामुळे मालकी प्राप्त होत नाही.

नोंदणीकृत मालक प्रथम

स्वतः चालविण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या मोटारीच्या क्रमांकाची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. अशा मोटारीची नोंद व्यावसायिकाच्या नावावर असते आणि ग्राहकाला केवळ ठरावीक मुदतीपुरता वापराचा हक्क मिळतो. त्यामुळे ग्राहकाने ती परस्पर विकली, तरी खरेदीदारास मालकी मिळत नाही. विक्रेत्याकडे असलेल्या हक्कापेक्षा अधिक हक्क खरेदीदारास मिळत नाही, हे वस्तुविक्री अधिनियम, 1930 मधील कलम 27 चे मूळ तत्त्व आहे. मोटार कर्जावर घेतलेली असल्यास वित्तसंस्थेचा बोजा आणि चोरीची भरपाई दिली गेली असल्यास विमा कंपनीचा हक्क, या दोन्ही बाबीही तपासाव्या लागतात.

सापडलेल्या वस्तूचा कायदा

भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 71 नुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची जबाबदारी येते. कसोशीने शोध घेऊनही मालक सापडत नसेल किंवा तो कायदेशीर खर्च देण्यास नकार देत असेल, आणि वस्तूचे मूल्य घटण्याचा धोका असेल किंवा खर्च तिच्या किमतीच्या दोन-तृतीयांशांपर्यंत गेला असेल, तर कलम 169 मर्यादित प्रमाणात विक्रीची मुभा देते. मात्र वस्तू स्वतःच्या नावावर करून घेण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. दुरुस्तीची रक्कम थकल्यास गॅरेजचालक कलम 170 नुसार मोटार अडवून ठेवू शकतो. त्यापलीकडे तिचा मालक होत नाही. मालक ठाऊक असताना किंवा त्याचा शोध न घेता मोटार वापरास काढणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 खाली अप्रामाणिक अपहाराचा गुन्हा ठरू शकतो.

पोलीस आणि दंडाधिकारी

मोटार सार्वजनिक जागी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस राहिल्यास मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 127 नुसार गणवेशधारी पोलीस अधिकारी ती हटविण्याची परवानगी देऊ शकतो. खासगी आवारातील मोटारीबाबत जागेच्या ताबेदाराने पोलीस ठाण्यास लेखी कळवून पोच घेणे हिताचे असते. नोंदणी क्रमांकावरून, तसेच चेसिस व इंजिन क्रमांकांवरून मालकाचा माग लागतो.

पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या मालमत्तेचा मालक अज्ञात असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 नुसार दंडाधिकारी उद्घोषणा काढतात. दावेदाराला सहा महिन्यांची मुदत असते. या काळात कोणीही हक्क सिद्ध न केल्यास कलम 504 नुसार मालमत्ता राज्य शासनाच्या स्वाधीन केली जाते व तिची विक्री होऊ शकते. राज्यांचे पोलीस कायदे भिन्न असल्याने तपशिलात फरक आढळतो. ठाण्यांच्या आवारात वाहने दीर्घकाळ सडत ठेवू नयेत आणि दावेदार नसलेल्या वाहनांचा न्यायालयाच्या आदेशाने लिलाव करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

मालकीचे दोन मार्ग

पहिला मार्ग थेट खरेदीचा. मालक सापडल्यास त्याच्या स्वाक्षरीचे नमुना 29 व 30 मधील अर्ज, विमा आणि आवश्यक तेथे वित्तसंस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन परिवहन कार्यालयात हस्तांतरण करता येते. दुसरा मार्ग शासकीय लिलावाचा. लिलावात मोटार घेणाऱ्याने ताबा मिळाल्यापासून 30 दिवसांत केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 57 नुसार नमुना 32 मध्ये अर्ज करावयाचा असतो. त्यासोबत विक्री कायम केल्याचा आदेश आणि लिलावास अधिकृत करणाऱ्या शासकीय आदेशाची प्रमाणित प्रत लागते.

दोन्ही मार्गांत मोटार खासगी वापरासाठी हवी असल्यास परवाना रद्द करून संवर्ग बदलून घ्यावा लागतो आणि कराची बाकीही पाहावी लागते. मोटार भंगार म्हणून विकली जात असेल, तर ती पुन्हा रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून बोली लावण्यापूर्वी लिलावाच्या अटी वाचणे आवश्यक ठरते.

ज्याच्या जागेत मोटार उभी आहे, त्यालाही लिलावात इतरांप्रमाणेच बोली लावावी लागते. मात्र वेळीच दिलेली लेखी खबर त्याला अपहाराच्या आरोपापासून वाचवू शकते आणि अडलेली जागा मोकळी होण्याची प्रक्रियाही तेथूनच सुरू होते.