वाळवंटातला समुद्र : बायोस्फिअर-२ मधील प्रवाळभिंत कशी उभारली गेली आणि तिच्यातून काय कळले?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, टुसॉन शहराच्या उत्तरेला ओरॅकल नावाचे छोटेसे गाव आहे. आसपास निवडुंगाचे वाळवंट आणि सर्वांत जवळचा समुद्र शेकडो किलोमीटर दूर. १९८७ ते १९९१ या काळात या गावाजवळ काचेच्या छताखाली चक्क एक समुद्र तयार करण्यात आला. त्यात साधारण २६ लाख लिटर खारे पाणी होते, म्हणजे ऑलिम्पिकच्या जलतरण तलावात मावते जवळपास तेवढे. सर्वांत खोल जागी सात मीटर खोली, एका बाजूला वाळूचा किनारा, दुसऱ्या बाजूला लाटा उठवणारे यंत्र आणि मध्ये कॅरिबियन समुद्रातून आणलेल्या जिवंत प्रवाळांची भिंत.

हा समुद्र ‘बायोस्फिअर-२’ या प्रकल्पाचा भाग होता. (बायोस्फिअर-१ म्हणजे आपली पृथ्वी.) जॉन ॲलन यांची कल्पना आणि टेक्सासचे धनाढ्य एड बास यांचा पैसा यांतून सव्वा हेक्टरहून थोड्या अधिक जागेवर ही हवाबंद वास्तू उभी राहिली. आत वर्षावन, गवताळ प्रदेश, खारफुटी, शेती आणि माणसांची घरे होती. आठ माणसांनी दोन वर्षे आत कोंडून घेऊन राहायचे, हवा-पाणी-अन्न सगळे आतच तयार करायचे, असा प्रयोग होता. या प्रयोगावर टीका भरपूर झाली आणि थट्टाही झाली. त्या गदारोळात समुद्राची गोष्ट मात्र बाजूला राहिली. प्रवाळांबद्दल जगाला आज जे ठाऊक आहे त्यातला एक महत्त्वाचा धडा याच टाकीतून मिळाला आहे.

मासे पाळणे आणि प्रवाळ पाळणे

काचेच्या पेटीत मासे ठेवणे तुलनेने सोपे असते. पाणी थोडे गढूळ झाले, तापमान एखाद्या अंशाने हलले तरी मासे निभावून नेतात. प्रवाळांचे तसे नाही. प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, आणि त्या शैवालाने सूर्यप्रकाशावर तयार केलेल्या अन्नावर प्रवाळाचा बराचसा उदरनिर्वाह चालतो. म्हणून त्याला भरपूर प्रकाश लागतो. पाणी उबदार लागते, पण फार गरम चालत नाही. तिशीच्या वर ते फार दिवस राहिले तर तो आतले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी सतत हलते लागते. आणि सर्वांत अवघड अट म्हणजे पाणी जवळजवळ ‘उपाशी’ लागते. नायट्रेट आणि फॉस्फेट थोडे जरी वाढले तरी मोकळे वाढणारे शैवाल फोफावते आणि प्रवाळांना झाकून टाकते.

शेतकऱ्याला पीक हवे असते म्हणून तो खत घालतो. इथे खत पडूच द्यायचे नसते, आणि टाकीतला प्रत्येक मासा तर दिवसभर खतच तयार करत असतो.

पाणी, मीठ आणि रहिवासी

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. २६ लाख लिटरांचा हिशेब केला तर ९० टनांहून अधिक क्षार होतात. बायोस्फिअर-२ साठी पाण्याचा काही भाग कॅलिफोर्नियातील ला होया इथल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या धक्क्यावरून टँकरने आणला गेला. उरलेले स्थानिक विहिरींचे पाणी होते आणि त्यात मत्स्यालयांसाठी बनवलेले समुद्री क्षारांचे मिश्रण विरघळवले गेले. खरे समुद्रजल थोडे का होईना, आणण्यामागे कारण होते. त्यात सूक्ष्मजीव असतात आणि पिशवीतल्या मिठातून ते मिळत नाहीत. दह्याला विरजण लागते, तसाच हा प्रकार.

प्रवाळ आणि मासे आले ते मुख्यतः मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरून. जिवंत प्रवाळ टाक्यांत ठेवून, पाणी खेळते राखत, वाळवंटापर्यंतचा हजारो किलोमीटरचा प्रवास करावा लागला. आज अशी मोहीम काढणे जवळपास अशक्य आहे, कारण प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. भारतात तर चुनखडीचा सांगाडा असलेले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हाही गुन्हा ठरतो. त्यामुळे जगभरातली नवी मोठी मत्स्यालये शक्यतो टाकीतच वाढवलेले प्रवाळ एकमेकांना देतात. प्रवाळाचा तुकडा तोडून दगडावर चिकटवला की फांदीच्या कलमासारखा तो वाढतो.

लाटांसाठी टाकीच्या एका टोकाला मोठी पोकळ कोठी बांधली होती. पंपाने तिच्यातली हवा शोषून घेतली की पाणी वर चढते. हवा आत सोडली की ते एकदम खाली कोसळते आणि टाकीभर लाट जाते. पाण्यात फिरणारे पाते नसल्यामुळे सूक्ष्म जीवांची त्यात चटणी होत नाही, हा या पद्धतीचा फायदा.

शैवालाने शैवाल आवरणे

पाणी उपाशी कसे ठेवायचे, या प्रश्नाला त्या काळात एक धाडसी उत्तर होते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनी १९८०च्या सुमारास संग्रहालयात एक जिवंत प्रवाळभिंत उभी केली होती. त्यांची युक्ती अशी : उथळ तबकांत जाळी पसरायची, तिच्यावर टाकीचे पाणी हेलकावे देत सोडायचे आणि वरून प्रखर प्रकाश द्यायचा. जाळीवर शैवालाची लव धरते, ती पाण्यातले नायट्रोजन-फॉस्फरस शोषते. दर काही दिवसांनी ती लव खरवडून बाहेर काढायची. नको असलेले शैवाल मुख्य टाकीत वाढण्याऐवजी आपण ठरवलेल्या जागी वाढवायचे, एवढेच त्यामागचे तत्त्व.

कल्पना इतकी आकर्षक होती की १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातील टाउन्सविल इथे ग्रेट बॅरिअर रीफ प्राधिकरणाने उभारलेल्या मत्स्यालयातही तीच वापरली गेली. तिथली प्रवाळटाकी सुमारे २५ लाख लिटरची आणि वरून आकाशाला उघडी होती. पण मोठ्या प्रमाणावर या पद्धतीची एक खोड दिसू लागली. शैवाल जसे शोषते तसे थोडे सेंद्रिय द्रव्य पाण्यात सोडतेही. पाण्याला पिवळसर झाक येते आणि प्रवाळांपर्यंत पोचणारा प्रकाश कमी होतो. पुढच्या पिढीतील मत्स्यालये मग स्किमरकडे वळली. उंच नळकांड्यात बारीक बुडबुडे सोडले की सेंद्रिय द्रव्ये बुडबुड्यांना चिकटून फेस होऊन वर येतात. समुद्रकिनारी वादळानंतर जो तपकिरी फेस साचतो, तोच इथे मुद्दाम तयार करून काढून टाकतात.

बायोस्फिअर-२ मध्येही शैवालाच्या तबकांवरच भिस्त होती. ती कमी पडू लागल्यावर समुद्राची जबाबदारी असलेल्या ॲबिगेल ॲलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आतच मिळेल त्या साहित्यातून स्किमर बनवले. शिवाय पाण्यात उतरून हाताने शैवाल उपटण्याचे काम होतेच. शेतातली खुरपणी आणि समुद्रातली खुरपणी, दोन्ही त्याच आठ जणांच्या वाट्याला आली.

दार बंद झाल्यावर

२६ सप्टेंबर १९९१ रोजी दारे बंद झाली. त्यानंतर टाकीपुढे जे संकट उभे राहिले ते कोणत्याही साध्या मत्स्यालयाला भेडसावत नाही, कारण साध्या मत्स्यालयाच्या डोक्यावर अख्खे वातावरण मोकळे असते.

शेतीसाठी आतली माती सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध ठेवली होती. तिच्यातले जिवाणू ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत राहिले. काच आणि पोलादी सांगाडा यांमुळे सूर्यप्रकाश बाहेरच्यापेक्षा बराच कमी आत येई, त्यात ते दोन्ही हिवाळे ढगाळ निघाले. वनस्पतींना तो वायू शोषून संपवता आला नाही. त्या वेळी बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत सुमारे ३५५ भाग कार्बन डायऑक्साइड होता; आत हिवाळ्यात तो काही हजारांवर गेला. एकाच दिवसरात्रीत तो काही शे भागांनी वर-खाली होई.

हवेतला हा वायू पाण्यात विरघळतो आणि कार्बोनिक आम्ल बनते. समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ८.१ असतो, आतल्या समुद्राचा तो ७.७ च्या आसपास घसरला. आकडा किरकोळ वाटतो, पण सामूची मोजपट्टी दसपटीची असते. एक अंक खाली म्हणजे दहापट आम्लता. ०.४ ची घसरण म्हणजे आम्लता अडीचपट. यात प्रवाळाचे खरे नुकसान वेगळ्याच ठिकाणी होते. त्याला सांगाड्यासाठी पाण्यातले कॅल्शिअम आणि कार्बोनेट लागते. कॅल्शिअम भरपूर असते, पण आम्ल वाढले की कार्बोनेटचे रूपांतर बायकार्बोनेटमध्ये होते. वाळू आणि खडी ढिगाने पडली आहे पण सिमेंटच मिळत नाही, अशी गवंड्याची अवस्था.

आतल्या मंडळींनी उपाय केला तो सोड्याचा. खाण्याचा सोडा (सोडिअम बायकार्बोनेट) आणि धुण्याचा सोडा (सोडिअम कार्बोनेट) समुद्रात घालत राहून त्यांनी पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता टिकवली. दोन वर्षांनी दारे उघडली तेव्हा प्रवाळभिंत जिवंत होती. काही वसाहती मेल्या होत्या, काही आजारी होत्या, पण ८० हून अधिक नव्या छोट्या वसाहतीही मोजल्या गेल्या.

दरम्यान ऑक्सिजन मात्र २१ टक्क्यांवरून साडेचौदाच्या खाली गेला आणि जानेवारी १९९३ मध्ये तो बाहेरून सोडावा लागला. हिशेब जुळत नव्हता. ऑक्सिजन जेवढा कमी झाला तेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत दिसत नव्हता. कोलंबिया विद्यापीठाचे जेफ सेव्हरिंगहाउस, वॉलेस ब्रोकर आणि सहकाऱ्यांनी त्याचा माग काढला. वास्तूच्या उघड्या काँक्रीटमधील चुना तो वायू शोषून कॅल्शिअम कार्बोनेट बनत होता. पाण्यात प्रवाळांना जे जड जात होते, ते चुनखडी बनवण्याचे काम शेजारच्या भिंती बिनबोभाट करत होत्या.

चुकलेल्या टाकीचा उपयोग

१९९६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने बायोस्फिअर-२ चा कारभार हाती घेतला. तोवर समुद्राची रया गेली होती. शैवाल माजले होते आणि प्रवाळ थोडे उरले होते. प्रदर्शन म्हणून ती टाकी निकामीच. पण संशोधक क्रिस लँगडन यांच्या दृष्टीने तिच्यात एक दुर्मीळ गुण होता. अख्ख्या प्रवाळभिंतीएवढ्या पाण्याचे रसायन इथे हवे तसे बदलता येत होते. खऱ्या समुद्रात ते शक्य नाही, आणि बादलीभर पाण्यातल्या प्रयोगातून संपूर्ण परिसंस्थेबद्दल खात्रीने बोलता येत नाही.

तेव्हा बहुतेकांचा समज असा होता की, उष्ण समुद्राच्या वरच्या थरात कॅल्शिअम कार्बोनेट गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तरी प्रवाळांना फरक पडणार नाही. लँगडन यांनी जवळपास चार वर्षे पाण्यातले कार्बोनेटचे प्रमाण कमी-जास्त करून भिंतीवर किती चुना बसतो ते मोजले. मोजण्याची रीतही साधी : चुना बसला की पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता तेवढी घटते, म्हणून पाणी तपासले की भिंतीची वाढ कळते. दोन्ही गोष्टी जोडीने हलत होत्या. कार्बोनेट कमी झाले की वाढ लगेच मंदावे, वाढवले की पुन्हा वेग घेई. ‘पुरेसे आहे’ अशी सुरक्षित पातळी कुठे सापडलीच नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार उद्योगपूर्व काळाच्या तुलनेत या शतकाच्या मध्यानंतर प्रवाळभिंतींची चुना साठवण्याची गती सुमारे ४० टक्क्यांपर्यंत घटू शकते. समुद्राच्या आम्लीकरणावर पुढे जे संशोधन झाले, त्याच्या पायाच्या दगडांपैकी हा एक.

पहिल्या आठ जणांनी सोडा ओतून जी अडचण निभावून नेली होती, तीच इथे मोजपट्टी लावून तपासली गेली.

कोलंबिया विद्यापीठ २००३ मध्ये बाहेर पडले. २००७ पासून ॲरिझोना विद्यापीठ ही वास्तू चालवते आणि २०११ मध्ये तिची मालकीही त्या विद्यापीठाकडे आली. युकातानहून आलेल्या मूळ प्रवाळांची भिंत आता राहिलेली नाही. टाकीतले शैवाल आवरून, पाणी पुन्हा ‘उपाशी’ करून, उष्णता सोसू शकणाऱ्या प्रवाळांवर तिथे काम सुरू आहे. पर्यटकांसाठी खालच्या मजल्यावर पाण्यात डोकावणारी काचेची खिडकी आहे, आणि बाहेर पार्किंगपाशी निवडुंग.