पोटातला वायू आणि शिरांतले रक्त : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास (थ्रेड)

१/ मे १९९०. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. भारतातील ही अशा प्रकारची पहिली शस्त्रक्रिया. पोट उघडावे लागले नाही. मात्र ते वायूने फुगवावे लागले. त्या वायूच्या दाबाखाली शिरांचे काय होते, या प्रश्नाचा हा इतिहास.

२/ त्याचे मूळ १६२८ मध्ये सापडते. विल्यम हार्वेने दाखवले की, दंडाला मध्यम घट्ट पट्टी बांधली तर धमन्यांतून रक्त हातात उतरत राहते, परंतु शिरांतून परतत नाही. शिरा टरारून फुगतात. शिरांची भिंत पातळ आणि आतला दाब अल्प. बाहेरच्या दाबापुढे त्या धमन्यांच्या आधी मिटतात.

३/ १९०१ मध्ये जर्मन वैद्य गेऑर्ग केलिंगने कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत दुर्बीण घातली. त्याचा मूळ हेतू निराळा होता : हवेच्या दाबाने पोटातील रक्तस्राव थांबवणे. म्हणजे रक्तवाहिन्या दाबल्या जाणे हाच त्याला हवा असलेला परिणाम होता. पुढच्या पिढ्यांना तोच परिणाम टाळावा लागला.

४/ १९१० मध्ये स्टॉकहोमच्या याकोबेयसने ही तपासणी माणसावर केली. १९२४ मध्ये स्विस वैद्य झोलिकोफरने हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड सुचवला. तो रक्तात सहज विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. हवेचा मोठा बुडबुडा शिरेत शिरला, तर तो हृदयातील प्रवाह अडवू शकतो.

५/ पुढे पॅरिसच्या राऊल पामरने पोटातील दाब मोजण्याचा आग्रह धरला. कीलच्या कुर्ट झेमने दाब आपोआप राखणारे यंत्र घडवले. आज हा दाब सामान्यतः १२ ते १५ मिलिमीटर पारा इतका ठेवतात.

६/ एवढा दाबही पोटातील मुख्य शीर चेपण्यास पुरतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत डोके वर आणि पाय खाली असतात. त्यामुळे रक्त पायांत साचते, मांडीच्या शिरांतील प्रवाह मंदावतो. प्रवाह मंदावणे हे रक्ताची गुठळी होण्याचे एक कारण, असे व्हर्चोने एकोणिसाव्या शतकातच मांडले होते. म्हणून दाब शक्य तितका कमी ठेवणे आणि गरजेनुसार पायांना ठरावीक अंतराने आवळणारे पट्टे लावणे, हे उपाय आले.

७/ हा इतिहास विसरला की काय होते? २०१४ मध्ये ओडिशातील एका नसबंदी शिबिरात स्त्रियांची पोटे सायकलच्या पंपाने फुगवल्याचे उघडकीस आले. दाबाचे मोजमाप नाही आणि वायूच्या जागी साधी हवा! नव्वद वर्षांपूर्वीचा धडा गरीब स्त्रियांपर्यंत पोहोचलाच नव्हता.

८/ उडवाडियांची भूमिका याच्या नेमकी उलट होती. १९७२ पासून ते रोगनिदानासाठी ही दुर्बीण वापरत होते. हे तंत्र श्रीमंतांची चैन नसून हातावर पोट असणाऱ्यांची गरज आहे, असे ते मांडत राहिले. कारण त्यात रुग्ण लवकर कामावर परततो.

९/ नागपूरच्या कळमना बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाचा विचार करावा. मोठी चीर म्हणजे त्याच्यासाठी कित्येक आठवड्यांची बुडालेली मजुरी. लहान छिद्रांमुळे तो लवकर उठून चालू लागतो. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरांतील रक्त पुन्हा हृदयाकडे ढकलतात. वायूच्या दाबाने जे अडले, ते त्याची पहिली पावले मोकळे करतात. अट एकच : दाब मोजलेला असावा.